बाळाची बसलेली झोप मोडते तेव्हा: चौथ्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत काय करायचं

धाकटी साडेतीन महिन्यांची होती तेव्हा रात्री नऊला झोपली की दोनला एकदा दूध पिऊन पुन्हा सहापर्यंत गप्प. बरोबर चार महिने पूर्ण झाले आणि ती दर तासाला उठायला लागली. तीन रात्री झाल्यावर सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळली, चौथ्या दिवशी मालिशवाल्या मावशींनी ‘दूध कमी पडतंय, वरचं चालू करा’ असा निकाल दिला. मला मात्र थोरल्याच्या वेळचं आठवत होतं. त्याच्या वेळी हेच झालं होतं आणि आम्ही घाबरून रोज एक नवा उपाय केला होता. कधी झोळी, कधी खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझारा, कधी रात्री अकराला गाडीत घालून ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर चक्कर. मूळ बिघाड तीन आठवड्यांत गेला असता, पण आम्ही लावलेल्या सवयी सुटायला पाच महिने लागले.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: या काळात बाळाला नवं काही शिकवायचं नसतं, आणि घाबरून नवी सवयही लावायची नसते. जे आधी चालत होतं ते घट्ट धरून ठेवायचं.

आधी आजार नाही ना, ते बघा

बसलेली झोप अशी अचानक मोडण्याला ‘स्लीप रिग्रेशन’ म्हणतात, म्हणजे झोप मागे जाणं. हा पालकांमध्ये रुळलेला शब्द आहे, आजाराचं नाव नाही. त्यामुळे प्रत्येक वाईट रात्र त्याच्या खात्यावर टाकू नका. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर वेळ न घालवता डॉक्टर गाठा. आडवं केलं की किंचाळतं आणि उभं धरलं की शांत होतं, असं असेल तर कान दुखत असू शकतो. लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी होतेय, दूध नको म्हणतंय, वजन वाढत नाही, झोपेत घोरतं आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो, यांपैकी काहीही असेल तर पुढचा लेख नंतर वाचा, आधी दाखवून या.

लसींची तारीखही आठवा. सरकारी वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवड्यांना डोस असतात, मग ९ महिन्यांनंतर गोवर-रुबेला आणि १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. डोसानंतरच्या एकदोन रात्री किरकिरीच्या जाणारच.

दातांचं म्हणाल तर दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, दोनचार दिवस झोप चाळवते. पण दातांमुळे चढा ताप येत नाही. ‘दात येतायत’ म्हणून ताप अंगावर काढू नका.

कोणत्या वयात नेमकं काय चाललेलं असतं

चौथा महिना सगळ्यात वेगळा. नवजात बाळाच्या झोपेचे दोनच प्रकार असतात, चुळबुळीची झोप आणि शांत झोप. तीनचार महिन्यांच्या सुमारास मेंदू मोठ्यांसारखी टप्प्याटप्प्यांची झोप घ्यायला लागतो. बाळाचं एक चक्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं, आपलं ९० च्या आसपास. प्रत्येक चक्राच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळ मात्र डोळे उघडतं आणि बघतं, झोपताना मी आईच्या कुशीत होतो, आता इथे कसा? म्हणजे चौथ्या महिन्यात झोप मागे जात नाही, पुढच्या इयत्तेत जाते. हा बदल कायमचा आहे, म्हणून ‘पूर्वीसारखी झोप परत कधी येणार’ याची वाट बघू नका. दोन चक्रांमधला सांधा बाळाला स्वतःहून जोडता यायला हवा.

आठ ते दहा महिन्यांत दोन गोष्टी एकदम येतात. बाळ रांगायला, धरून उभं राहायला लागतं, आणि दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला कळतं. आई खोलीबाहेर गेली म्हणजे ती बाहेर कुठेतरी आहे आणि माझ्याजवळ नाही, हे कळलं की रडू फुटणारच.

वर्षाच्या आसपास चालण्याचं वेड लागतं आणि दुपारची झोप नको होते. दीड वर्षाला शब्द फुटतात, दाढा येतात आणि ‘नाही’ हा आवडता शब्द होतो. दोन वर्षांच्या सुमारास अंधाराची भीती, घरात नवं भावंड, शी-शूची सवय असं काही ना काही निमित्त असतं.

बाळं कॅलेंडर बघत नाहीत. दोनतीन आठवडे पुढेमागे होणारच, आणि काही मुलं एखादा टप्पा कोणाला कळूही न देता ओलांडतात. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. बहुतेक वेळा हा काळ दोन ते सहा आठवड्यांचा असतो.

पहिले तीन दिवस फक्त लिहा

फ्रिजवर एक कागद लावा. झोपलं कधी, उठलं कधी, दूध कधी, एवढंच. उपाय काही करू नका. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. कागदावर बेरीज केली की कळतं की ‘अजिबात झोपत नाही’ असं वाटणारं बाळ तुकड्यातुकड्यांनी तेरा तास झोपलेलं आहे. हे बघूनच निम्मा जीव भांड्यात पडतो.

कागदावर आणखी एक गोष्ट दिसते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटे पातळ. म्हणून नऊ ते एक बरं जातं आणि तीन ते सहा हाल होतात. नवराबायकोने पाळी वाटून घ्यायची तर याच हिशोबाने घ्या. अर्धी अर्धी रात्र नाही, तर एक दिवसाआड पहाट.

दिवस सुधारा, रात्र मागोमाग येते

‘दिवसा जागं ठेवलं की रात्री चांगलं झोपेल’ हे मोठ्यांना लागू पडतं, बाळांना नाही. बाळ फार दमलं की आणखी चिडतं आणि झोप लागतच नाही. दोन झोपांमध्ये बाळ साधारण किती वेळ तग धरतं, ते असं: चौथ्या महिन्यात दीड ते दोन तास, सहाव्यात दोन ते अडीच, नवव्यात अडीच ते साडेतीन, वर्षाला तीन ते चार. हे काटेकोर नाही. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर एका जागी थांबणं, ही पेंग आली की लगेच झोपवा. जांभया आणि किरकिर सुरू होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

इथे मराठी घरात एक अडचण हमखास येते. पाचसहा महिन्यांच्या बाळाला संध्याकाळी तिसरी डुलकी लागते आणि घरातली मोठी माणसं तिन्हीसांजेला झोपू देत नाहीत. भांडू नका. ती डुलकी साडेचारला घ्या आणि सव्वापाचला उठवा. दिवेलागणीला बाळ जागं असेल, आजींच्या मनासारखं होईल आणि रात्रीची झोपही पुढे ढकलली जाणार नाही. सातव्या ते नवव्या महिन्यात ही तिसरी डुलकी आपोआप सुटते.

वर्षाच्या मुलाने आठदहा दिवस सकाळची झोप नाकारली की लोक ती बंदच करून टाकतात. घाई करू नका. बहुतेक मुलं दोनावरून एका झोपेवर १३ ते १८ महिन्यांत येतात. तोवर पडदे ओढून आडवं करत राहा.

सकाळचं ऊनही महत्त्वाचं. आंघोळीआधी पंधरावीस मिनिटं गॅलरीत किंवा खाली सोसायटीच्या बागेत न्या. उपवन किंवा तलावपाळीजवळ राहत असाल तर उत्तमच. दिवस आणि रात्र यांतला फरक मेंदू उजेडावरूनच शिकतो.

दिवेलागणीनंतरचा तास

देवाजवळ दिवा लागला की आमच्याकडे ट्यूबलाइट बंद, पिवळा छोटा दिवा चालू. टीव्ही बंद, निदान आवाज बंद. मग कोमट पाण्याने अंग पुसणं, लंगोट किंवा डायपर, सुती झबलं, दूध, ढेकर, एक अंगाई, आणि मग पाळणा. क्रम रोज तोच. अर्ध्या तासाच्या वर नको. दूध शेवटी नको, अंगाईच्या आधी हवं, म्हणजे स्तन किंवा बाटली तोंडात असतानाच झोप लागायची सवय लागत नाही.

पेंग आलेली असताना, पण डोळे पूर्ण मिटायच्या आत खाली ठेवायचं, हे सगळ्यात अवघड. पहिल्यांदा जमणार नाही. दिवसातल्या एकाच झोपेला, शक्यतो पहिल्या, करून बघा. ती जमली की मग रात्री.

ठाण्यातल्या घरांची एक खरी अडचण म्हणजे बाबा. सीएसएमटीहून लोकल, मग स्टेशनवर रिक्षाची रांग, करत करत घरी पोचायला पावणेनऊ. बाळ नुकतंच पेंगायला लागलेलं असतं आणि बेल वाजते. दिवसभर बाळाला न पाहिलेला माणूस उचलून खेळवणारच, त्याचा काय दोष? आम्ही बेलवर ‘वाजवू नये, फोन करा’ अशी चिठ्ठी लावली आणि बाबाच्या वाट्याला सकाळ दिली. पावणेसातला उठल्यापासून तेल लावणं आणि आंघोळ त्याची. बाळाला बाबा मिळाला, मला अर्धा तास झोप.

बाहेरचे आवाज आपल्या हातात नसतात. रात्री घोडबंदरवरून ट्रक जातात, दहीहंडीच्या आधी सरावाचे ढोल, नवरात्रात टेंभी नाक्याची गर्दी. एकसारखा आवाज मदत करतो आणि त्याला पंखा पुरतो. आवाजाचं यंत्र घेतलंत तर बाळापासून सहासात फूट लांब आणि हळू ठेवा. एसी असेल तर २४ ते २६ च्या दरम्यान आणि झोत अंगावर नको. बाळाला गरम होतंय का हे हातपायांवरून नाही, मानेमागे हात लावून बघा.

रात्री उठल्यावर

आधी थांबा. धाकटीच्या वेळी मी दारातच उभी राहायचे आणि घड्याळाची टिकटिक मोजायचे. दोन्ही पाय वर जायचे, धप्पकन गादीवर आपटायचे, एक हुंदका, मग मूठ तोंडात, चोखण्याचा आवाज, आणि ऐंशी-नव्वद टिकटिकीत पुन्हा शांत. थोरल्याच्या वेळी मी पहिल्या हुंदक्यालाच उचलायचे, म्हणजे मीच त्याला जागं करत होते.

दीडदोन मिनिटांत शांत नाही झालं, रडणं चढत गेलं, तर दिवा न लावता जवळ जा. छातीवर हात ठेवा. मग थोपटा, तोंडाने हळू ‘शू शू’. त्यानेही नाही तर उचला, शांत होईपर्यंतच, झोपेपर्यंत नाही, आणि पुन्हा खाली. भुकेची वेळ झाली असेल तर दूध पाजा, अंधारात आणि न बोलता. चारपाच महिन्यांच्या बाळाला रात्री एकदोनदा भूक लागतेच, ते दूध तोडू नका. पण तासाभरापूर्वी पोटभर प्यायलेलं बाळ पुन्हा उठलं तर ते बहुधा चक्राच्या सांध्यावर अडकलंय, भुकेलेलं नाही.

महत्त्वाचं म्हणजे हा क्रम घरातल्या प्रत्येकाने तसाच पाळायचा. आज आजीने झोळीत घातलं, उद्या आईने पाजलं, परवा बाबाने मोबाइल दाखवला, की बाळ रोज वेगळ्या गोष्टीची वाट बघत जागं राहतं.

ठरावीक मिनिटं रडू द्यायची पद्धतही लोक विचारतात. सहा महिन्यांपुढच्या बाळांवर तिचा अभ्यास झालेला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत मुलं सहा वर्षांची होईपर्यंत तिचा दूरगामी तोटा दिसला नाही. तरीही माझं मत असं की ऐन बिघाडाच्या दिवसांत, विशेषतः नवव्या महिन्यात आई दिसेना म्हणून बाळ रडत असताना, ती सुरू करू नये. घडी बसल्यावर विचार करा.

उभं राहून रडणारं बाळ

हे जरा सविस्तर सांगते, कारण यातून मी सगळ्यात जास्त शिकले. धाकटी साडेनऊ महिन्यांची असताना पहाटे तीनला पाळण्याचा कठडा धरून उभी. डोळे मिटलेले, मान डुलतेय, गुडघे थरथरतायत, आणि रडणं चालू. मी आडवं करायचे, पाठ टेकायच्या आत ती पुन्हा उभी. एका रात्रीत असं बावीस वेळा झालं. मग लक्षात आलं की तिला उभं राहता येतं, बसता येत नाही. ती अडकून पडत होती.

उपाय दिवसा आहे. बाळाला सोफ्याला धरून उभं करा, पायाशी आवडता डबा किंवा चमचा ठेवा. तो घ्यायला वाकलं की एका हाताने गुडघ्याच्या मागे हलकंसं दाबा, दुसरा हात ढुंगणाखाली. धप्पकन बसलं की टाळ्या. दिवसातून दहापंधरा वेळा. रात्री मात्र आडवं करायची झटापट नको. एकदा गुडघ्यामागे हात लावून बसवा आणि शेजारी बसून राहा. शिवाय पाळण्याची गादी सगळ्यात खालच्या पातळीवर आणा, नाहीतर कठड्यावरून तोल जाईल.

याच वयातल्या दुराव्याच्या रडण्यावर ‘बुवा-कुक’ हा खेळ औषधासारखा आहे. ओढणीआड जा, कुक करा. मग दाराआड, मग दुसऱ्या खोलीतून नुसता आवाज. गेलेली आई परत येते, हे बाळ शंभर वेळा अनुभवतं. आणि कामाला निघताना नजर चुकवून पळू नका. टाटा करा, रडलं तरी करा.

रजा संपते तेव्हा

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हणजे सहाव्या महिन्यात आई रुजू होते, वरचं खाणं त्याच सुमारास सुरू होतं, आणि दोन महिन्यांत दुराव्याची भीती येते. सगळं एकावर एक. जमत असेल तर पाळणाघर किंवा सांभाळणाऱ्या ताई रुजू व्हायच्या दोनतीन आठवडे आधी सुरू करा, पहिल्या आठवड्यात तासभरच.

आई दिवसभर नसली की काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि रात्री भरून काढतात. हा हट्ट नाही. घरी आल्याबरोबर चहाच्याही आधी पाजा, रात्री झोपायच्या आधी पुन्हा, सकाळी निघताना पुन्हा. काढलेलं दूध फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही, चार दिवस टिकतं. पाळणाघरातल्या झोपेच्या वेळा त्याच कागदावर लिहून मागा. तिथे साडेपाचपर्यंत झोपलं असेल तर आठला झोपणार नाही, त्यात तुमची काही चूक नाही.

दमलेल्या घरात होणाऱ्या चुका

रात्री दमल्यावर माणूस काहीही करायला तयार होतो, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. बाळ नेहमी उताणं झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी काही नको. राईची उशी आपल्याकडे प्रेमाने शिवतात, पण झोपताना तीही काढा. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून झोळीत नजरेसमोरच ठेवा आणि झोप लागली की सपाट जागी. बाळ पालथं पडायला लागलं की दुपट्यात गुंडाळणं त्या दिवसापासून बंद. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी रात्री काढून ठेवा. धुरी आणि डासांच्या कॉइलऐवजी ताणून बसवलेली मच्छरदाणी. आणि सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी लागू देऊ नका. ते सगळ्यात धोक्याचं आहे.

झोपेसाठी औषध नको. थोरल्याच्या वेळी एका दुकानात ‘हे सर्दीचं द्या, छान झोपतं’ म्हणून बाटली पुढे केली गेली होती. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा डिसेंबर २०२३ पासून बाटलीवर छापायला सांगितलेला आहे. वर्षाच्या आत मधही नाही, घुटीतूनही नाही.

लोहाची कमतरता असली तरी मुलं रात्री तळमळतात. देशात २०१९-२१ च्या पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. सहा आठवड्यांनंतरही झोप सुधारत नसेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा.

आईकडेही बघा. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, सारखं रडू येतं, बाळाकडे बघवत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर ती दमणूक नाही. डॉक्टरांशी बोला, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, तो दिवसरात्र चालतो.

घडी परत बसते तेव्हा

सलग तीनचार रात्री बऱ्या गेल्या की मध्ये दिलेली जादा मदत काढायला घ्या, एकावेळी एकच. आधी शेवटी लागलेली सवय काढा. उचलून घेणं थोपटण्यावर आणा, तीन रात्री. थोपटणं नुसत्या हातावर, तीन रात्री. मग खुर्ची पाळण्यापासून वीतभर लांब, मग दारापाशी. मध्ये सर्दी किंवा गावी जाणं आलं तर थांबा आणि परतल्यावर जिथे होतात तिथूनच धरा.

उभं राहणाऱ्या धाकटीला आमच्याकडे अकरा दिवस लागले. बाराव्या रात्री तीन वाजता कठडा खडखडला. मी अंधारात उठून बसले, तिने खाली पाहिलं, गुडघे वाकवले, धप्प झालं, आणि थोड्या वेळाने मूठ चोखल्याचा आवाज आला.